महाराष्ट्रातल्या सगळ्या खासदारांना खुलं पत्र: सियाचीनचं ओझं वाहणाऱ्यांचा हिशोब संसदेत मागा

माननीय खासदार साहेब, खासदार ताई,

लोकसभेतले 48 आणि राज्यसभेतले 19, सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितोय, पक्ष बघितलेला नाही. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे लष्कराला रसद पुरवणाऱ्या दलात, आम्ही नुसतं एएससी म्हणतो, ड्रायव्हर होतो, नोकरीतला बराच काळ लडाखच्या रस्त्यावर गेला, आता पेन्शनीवर वर्धा जिल्ह्यात गावी असतो. मागणी आधीच सांगतो. सीमेवर लष्कराचं सामान पाठीवर घेऊन चढणारे जे सिव्हिलियन पोर्टर आहेत ते एकूण किती, गेल्या दहा वर्षांत त्यातले किती जिवानिशी गेले, किती जण हातापायांनी अधू झाले आणि त्यांच्या घरी काय पोचलं, हे तुम्ही येत्या अधिवेशनात संरक्षण मंत्रालयाला विचारावं. हे का विचारायचं ते खाली लिहितोय, जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

लढाई म्हटलं की टीव्हीवर तोफ दिसते, विमान दिसतं, पण तिथे 18-19 हजार फुटांवर माणूस नुसता जिवंत ठेवायचा तरी रोज केवढं सामान लागतं याचा अंदाज खाली बसून येत नाही. वर पाणी नाही, बर्फ वितळवायचा, म्हणजे रॉकेल. तंबू किंवा फायबरच्या खोलीत ऊब पाहिजे, रॉकेल. टिनमधलं जेवण गरम करायचं, पुन्हा रॉकेल. मग बॅटऱ्या, औषधं, दारूगोळा, दोर, बूट, टपाल. आणि हे सगळं लेहपर्यंत आणायला जमिनीवरून मुख्य वाटा दोनच, एक श्रीनगरकडून झोजी ला ओलांडून द्रास-कारगिलमार्गे आणि दुसरी मनालीकडून. झोजी ला साडेअकरा हजार फुटांवर, मनालीच्या वाटेवर तांगलांग ला 17 हजारांच्या वर. पूर्वी नोव्हेंबरात बर्फ पडला की झोजी ला बंद तो एप्रिल-मेपर्यंत. म्हणून उन्हाळ्यातच अख्ख्या हिवाळ्याचा साठा वर चढवून ठेवायचा, त्याला आम्ही एडब्ल्यूएस म्हणायचो, ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग. मे महिना ते ऑक्टोबर-नोव्हेंबर, कॉन्व्हॉयमागे कॉन्व्हॉय, पहाटे ट्रान्झिट कॅम्पमधून निघायचं, टीसीपीवर, म्हणजे लष्कराच्या ट्रॅफिक चौकीवर, नोंद, मग दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये चढ, पुढच्या गाडीची धूळ तोंडात, आणि एखादी गाडी घाटात बंद पडली की मागच्या सगळ्या तिथेच.

आता परिस्थिती सुधारली आहे हे मी मान्य करतो आणि त्याचा मला आनंद आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये अटल बोगदा झाला, 9 किलोमीटरचा, रोहतांगची कटकट गेली. जानेवारी 2025 मध्ये सोनमर्गचा बोगदा सुरू झाला, झोजी लाच्या बोगद्याचं काम चालू आहे, निम्मू-पदुम-दारचा हा तिसरा रस्ता होतोय. 2025 मध्ये झोजी ला जेमतेम महिनाभर बंद राहिला, आमच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. डिझेलचंच घ्या, थंडीत साधं डिझेल टाकीत घट्ट होतं, सकाळी गाडी चालू करायची तर टाकीखाली आणि पाइपाखाली स्टोव्ह नाहीतर जाळ धरायचा, डिझेलच्या टाकीखाली जाळ, विचार करा, आणि ते रोजचं काम. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलने उणे 33 डिग्रीपर्यंत चालणारं विंटर ग्रेड डिझेल आणलं तेव्हा ज्यांनी हे जाळ धरलेत त्यांनाच त्याची किंमत कळली असेल.

पण ही सगळी सुधारणा जिथे रस्ता आहे तिथली. रस्ता संपतो तिथून पुढची गोष्ट वेगळी आहे.

माझी गाडी सियाचीनला बेस कॅम्पपर्यंत जायची. पुढे ग्लेशियर. तिथून वर जायला चीता हेलिकॉप्टर, स्नो स्कूटर, काही भागात रॉकेलची पाइपलाइन, आणि माणूस. चीता फार चांगलं मशीन, पण हवा इतकी विरळ की अगदी वरच्या पोस्टवर जाताना एका खेपेत थोडकंच सामान नेता येतं, काही ठिकाणी तर 20-25 किलो, आणि पायलट लोक वर इंजिन बंदच करत नाहीत कारण पुन्हा चालू होईल याची खात्री नाही, टेकल्या टेकल्या सामान ढकललं की निघाले. वारा सुटला, ढग आले, की तेही बंद, आणि असं हवामान दिवसचे दिवस टिकतं. विमानातून पॅराशूटने टाकलेलं सामान कधी सापडतं, कधी बर्फातल्या भेगेत जातं, कधी ताज्या बर्फात गाडलं जातं. मग उरतो पोर्टर. नुब्रा खोऱ्यातला, तुर्तुक-बोगदांगकडचा, घरची थोडी जमीन आणि जर्दाळूची चार झाडं असलेला. रोजंदारीवर, ठरावीक मुदतीसाठी घेतलेला. जवानांच्या पार्टीबरोबर एकाच दोरीला बांधून घेऊन तो चढतो, पाठीवर जेरीकॅन किंवा रेशनचं खोकं, आणि कुणी भेगेत पडलं किंवा हिमस्खलनात गाडलं गेलं तर काढायला पुढे होणाऱ्यांतही तोच असतो कारण तो बर्फ त्याच्या ओळखीचा.

बेस कॅम्पला माल उतरवताना अशा एका पोर्टरशी माझी ओळख झाली होती, वय असेल पंचविशीचं, हिंदी चांगली बोलायचा. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापर्यंत काळी पडलेली. मला वाटलं बर्फाने, तर म्हणाला बर्फाने नाही, रॉकेलने. जेरीकॅनचं झाकण नीट बसलं नव्हतं, ग्लोव्हवर रॉकेल झिरपत राहिलं. आपल्याला वाटतं रॉकेल सांडलं तर काय होतं, फार तर वास येतो. पण पाणी शून्यावर गोठतं, रॉकेल उणे तीस-पस्तीसलाही पातळच राहतं आणि तेवढंच थंड असतं, ते कातडीला लागलं की ओल्या कपड्यातून आत जातं आणि बोट मरतं, आणि आधी दुखत नाही, नुसतं बधिर होतं म्हणून लक्षातही येत नाही. पोस्टवर पोचून ग्लोव्ह काढला तेव्हा त्याला कळलं. मी विचारलं आता काय, तर म्हणाला या सीझनला नाव लावलंय, बघू मेडिकलला घेतात का. त्याला काळजी बोटांची नव्हती, पुढच्या खेपेला घेतील की नाही याची होती. जवानाचं असं झालं असतं तर हॉस्पिटल, मेडिकल बोर्ड, डिसेबिलिटी पेन्शन, सगळी वाट ठरलेली आहे, भांडावं लागतं पण वाट आहे. त्याच्यासाठी कुठली वाट होती ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कुणी नीट सांगत नाही.

18 नोव्हेंबर 2019 ला उत्तर सियाचीनमध्ये हिमस्खलन झालं, आठ जण गाडले गेले, सहा गेले. चार जवान आणि दोन पोर्टर. तारखा शोधून तेव्हाच्या बातम्या काढा, बहुतेक ठिकाणी जवानांची नावं आहेत, गाव आहे, अंत्यसंस्काराचे फोटो आहेत, आणि पोर्टरच्या वाट्याला 'दोन पोर्टर' एवढे दोनच शब्द. फेब्रुवारी 2016 ला सियाचीनच्या सोनम पोस्टवर दहा जवान गेले तेव्हा त्यात सातारा जिल्ह्यातला आपला मुलगाही होता, सगळा जिल्हा गोळा झाला होता आणि व्हायलाच पाहिजे होता. तुर्तुककडच्या घरीही तसंच एक प्रेत जातं, त्या बाईलाही पोरं असतात.

आणि हे आजचं नाही. 1948 ला झोजी लावर जनरल थिमय्यांनी रणगाडे चढवले ते आपण अभिमानाने सांगतो, सांगावंच, पण त्या सगळ्या मोहिमेत रस्ता करणारे आणि ओझं वाहणारे हात कितीतरी साध्या माणसांचे होते. 1962 ला चीनच्या युद्धात अरुणाचलच्या सीमेवर नामका चू नदीच्या बाजूला काय झालं, विमानातून त्सांगधरला टाकलेलं बरंचसं सामान दरीत गेलं, जवान सुती कपड्यांत बर्फात उभे, रस्ता नाही, खच्चरं नाहीत, पोर्टर अपुरे. तिथे शौर्य कमी पडलं नाही, पुरवठा कमी पडला, हे मी एएससीवाला म्हणून म्हणत नाही, जे तिथून परत आले त्या सगळ्यांचं हेच म्हणणं आहे. 1999 ला कारगिलमध्ये तोलोलिंगवर बसलेला शत्रू हायवे बघत होता, कॉन्व्हॉय रात्री दिवे बंद करून काढायला लागायचे. तोफांचे गोळे, बॉम्ब, रॉकेट धरून अडीच लाखांच्या आसपास डागले गेले. बोफोर्सचा एक गोळा 43 किलोचा असतो, तो तोफेपर्यंत गाडीने येतो, पण तोलोलिंग किंवा टायगर हिल चढणाऱ्या पलटणीचं पाणी, पुऱ्या, मोर्टारचे बॉम्ब वर नेणारा आणि जखमीला खाली आणणारा गाडीवाला नसतो. त्यात द्रास, बटालिककडच्या गावांतली पोरं होती. 2020 ला गलवाननंतर हवाई दलाने 68 हजारांहून जास्त जवान, 90 रणगाडे पूर्व लडाखला नेले, जगात थोड्या देशांना जमेल असं काम आहे ते, आणि त्याच वर्षी चुशुलच्या बाजूला उंचावर गेलेल्या आपल्या जवानांना पाणी आणि रेशन पोचवायला गावातली बायका-माणसं, म्हातारे, भिक्खू पाठीवर पिशव्या घेऊन डोंगर चढत होते. म्हणजे सी-17 विमान एका टोकाला आणि गावातली म्हातारी दुसऱ्या टोकाला, साखळी एकच आहे आणि ती जिथे तुटेल तिथे सगळंच थांबेल.

ही साखळी आपल्याकडेच सुरू होते म्हणून तर मी हे महाराष्ट्राच्या खासदारांना लिहितोय. दारूगोळ्याचे कारखाने भंडाऱ्याला, भद्रावतीला, वरणगावला, खडकीला आहेत आणि सगळ्यात मोठा डेपो आमच्या पुलगावला. 31 मे 2016 च्या पहाटे पुलगावच्या डेपोला आग लागली, स्फोटांनी आजूबाजूच्या गावांतले लोक अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले, अधिकारी गेले, जवान गेले, आगीवर पाणी मारणारे फायरमन गेले. त्याच्या दोन वर्षांनी, 20 नोव्हेंबर 2018 ला, जुना दारूगोळा निकामी करायच्या जागेवर खोकी उतरवताना स्फोट झाला, सहा जण गेले, आणि त्यात ठेकेदाराने रोजीवर आणलेले जवळच्या गावांतले मजूर होते. शेतीचं काम नव्हतं, रोजी मिळते म्हणून गेलेले. आमच्याकडे अजून लोक त्या सकाळबद्दल बोलताना आवाज खाली करतात. नुब्रातला पोर्टर आणि देवळी तालुक्यातला तो मजूर एकमेकांना कधी भेटणार नाहीत पण दोघांचं काम एकच, लष्कराचं ओझं उचलणं, आणि दोघांची नोंद एकाच प्रकारच्या रजिस्टरात, म्हणजे रोजंदारीच्या.

रस्ता करणाऱ्यांचंही बघा. बीआरओचे, म्हणजे सीमेवर रस्ते बांधणाऱ्या बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशनचे मजूर, खूपसे झारखंडच्या दुमका भागातले, 2020 ला लॉकडाऊन असताना त्यांना न्यायला दुमक्याहून स्पेशल ट्रेन सोडायला लागली, कारण त्यांच्याशिवाय लडाखचा रस्ता होत नाही. फेब्रुवारी 2025 ला उत्तराखंडात माणा गावाजवळ बीआरओच्या कॅम्पवर हिमस्खलन झालं, 54 मजूर त्यात अडकले, आठ गेले. पण इथे एक चांगली गोष्ट सांगायची आहे, जानेवारी 2024 ला सरकारने बीआरओच्या कॅज्युअल मजुरांसाठी दहा लाखांची ग्रुप विमा योजना मंजूर केली. त्याच्या काही महिने आधी मृतदेह गावी पोचवायचा खर्च मंजूर केला आणि अंत्यविधीची रक्कम 1,000 वरून 10,000 केली. हजार रुपये, 2023 पर्यंत! तरीही झालं ते बरं झालं, आणि यावरून एवढं नक्की कळतं की सरकारने मनावर घेतलं की कॅज्युअल माणसासाठी नियम बदलता येतात. मग सीमेवरच्या सगळ्या पोर्टरांना तेवढं तरी लागू आहे का, हा माझा साधा प्रश्न आहे.

यात कोर्टाचाही विषय आहे. जानेवारी 2017 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर जम्मू-काश्मीरच्या सीमेवरच्या पोर्टरांचं प्रकरण आलं होतं. कोर्टाने त्यांच्या कामाचं स्वरूप बघून सरकारला स्पष्ट सांगितलं की वर्षानुवर्षं राबणाऱ्या या लोकांना कायम करण्याबाबत, पगार, औषधोपचार आणि नुकसानभरपाईबाबत योजना करा. त्यानंतर एवढी वर्षं गेली. कुठल्या सेक्टरमध्ये किती पोर्टर कायम झाले, बाकीच्यांचं काय, सियाचीनच्या पोर्टरांना ते धरलं का, हे सामान्य माणसाला एका जागी वाचायला मिळालं पाहिजे की नाही? सरकारकडे उत्तर असेलच, ते पटलावर ठेवायला लावा.

मला माहीत आहे तुमच्याजवळचे काही लोक काय म्हणतील. एक म्हणतील ही गोपनीय माहिती आहे. साहेब, सियाचीनमध्ये किती जवान गेले हा आकडा सरकारने संसदेत आधी दिलेला आहे, त्याने सुरक्षेला धोका झाला नाही, मग पोर्टर किती गेले याने कसा होईल? कुठल्या पोस्टवर किती माणसं आहेत हे मी विचारतच नाहीये. दुसरे म्हणतील आता ड्रोन येतायत, रोबोट खच्चर येतायत, पोर्टर लागणारच नाहीत. येऊ द्या, मला त्याचा आनंदच आहे, कुणाचंही पोरगं त्या भेगांवरून जेरीकॅन घेऊन जाऊ नये. पण वाऱ्यात चीता थांबतं तिथे ड्रोन किती दिवस उडेल हे तुम्ही पायलटांनाच विचारा, आणि ड्रोन येईपर्यंत जे चढतायत त्यांचं काय? तिसरे म्हणतील की ते स्वखुशीने येतात, पैसा चांगला मिळतो, जेवढी वरची पोस्ट तेवढी मजुरी जास्त. खरं आहे, स्वखुशीने येतात, भरतीला रांग लागते. आम्हीही स्वखुशीनेच भरती झालो होतो, तरी देशाने आम्हाला पेन्शन दिली.

कपड्यांचा मुद्दा राहिला. फेब्रुवारी 2020 मध्ये कॅगचा रिपोर्ट संसदेत आला, त्यात उंचावरच्या जवानांसाठी स्नो गॉगलची टंचाई 62 ते 98 टक्के लिहिली होती, 2015-16 मध्ये काही महिने बूट न मिळाल्याने जुनेच दुरुस्त करून वापरायला लागले असंही होतं. त्यावर चर्चा झाली, टीका झाली, त्यानंतर खरेदीलाही वेग आला. मी जवानांचं आधी म्हणेन, त्यात वाद नाही. पण जवानालाच जर गॉगल कमी पडत होता तर त्याच दोरीवर बांधलेल्या पोर्टरच्या डोळ्यावर त्या वर्षी काय होतं? बर्फावरच्या उन्हाने डोळे जातात, ते कुणाच्या अंगावर युनिफॉर्म आहे बघून जात नाहीत. पोर्टरला कपडे आणि बूट कुठल्या स्केलने, म्हणजे ठरलेल्या प्रमाणाने, मिळतात, नवीन की वापरलेले, याचं ऑडिट करायची मागणी तुम्ही करू शकता.

लष्कराविरुद्ध मी हे लिहीत नाही, ते घर आहे माझं. युनिटचे लोक आपल्या पोर्टरांना जीव लावतात हे मी डोळ्यांनी बघितलंय, आपल्या रेशनमधलं देतात, पैसे गोळा करून घरी पाठवतात. पण युनिट दोन-तीन वर्षांनी बदलतं, साहेब बदलतात, आणि पोर्टर तिथेच असतो. एका मेजरच्या चांगुलपणावर त्याचं म्हातारपण चालू शकत नाही, त्याला नियमच लागतो, आणि नियम तुमच्या सभागृहाच्या दबावाने होतो.

तर विचारायचं एवढंच आहे. पोर्टर किती आणि किती गेले, 2017 च्या निकालाप्रमाणे कोणती योजना झाली आणि तिचा लाभ किती जणांना मिळाला, बीआरओच्या मजुरांसारखा दहा लाखांचा विमा त्यांना आहे का, नसेल तर कधीपासून देणार, हिमदंशाने बोटं गेलेल्याला आयुष्यभर काही मिळतं का, लष्कराच्या हॉस्पिटलमध्ये कामाचा सीझन संपल्यावरही त्याला दाखवता येतं का. आणि हेच सगळं पुलगावसारख्या डेपोत ठेकेदाराच्या मार्फत दारूगोळा उचलणाऱ्या मजुरांबद्दलही विचारा, कारण ते तर तुमचेच मतदार आहेत.

प्रश्न तारांकित द्या, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागेल आणि तुम्हाला पुरवणी प्रश्न विचारता येईल, अतारांकित दिला तर नुसता कागद येतो. नोटीस पंधरा दिवस आधी द्यावी लागते हे तुम्हाला सांगायची गरज नाही. वर्ध्याच्या खासदारांना या पत्राची एक प्रत मी हाताने नेऊन देणार आहे, बाकीच्यांना पोस्टाने पाठवतोय. सातारा, कोल्हापूर, सांगली, नगर, बुलढाणा, जिथून जिथून पोरं फौजेत जातात तिथल्या माजी सैनिकांनी आपापल्या खासदाराच्या ऑफिसात हे पत्र पोचवावं आणि पोच घ्यावी, आणि कुणी प्रश्न दिला तर त्याचा नंबर मला कळवा, मी उत्तर आलं की सगळ्यांपर्यंत पोचवीन.

आपला,
एक माजी एएससी ड्रायव्हर
जि. वर्धा